फुल्या

तांबोळीनं पिशवीत हवा भरून ती टणक केली,
दोन रबरं लावली, वर वर्तमानपत्र गुंडाळलं.
उजेड दाखवू नका, म्हणाला, बिचकतात.
सहा निऑन टेट्रा.
धायरीच्या बसमध्ये ते डब्याच्या पिशवीत,
मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेले.
कंडक्टर म्हणाला, रस्सा सांडतोय का, ताई?
म्हटलं, नाही हो, जिवंत आहे.
त्यानं तिकीट फाडलं
आणि दोन सीट पुढे जाऊन पुन्हा वळून पाहिलं.

भवानी पेठेत नळाला धरणाचं पाणी.
आमच्याकडे टँकर.
कुठल्या बोअरचं, ते टँकरवाल्यालाही सांगता येत नाही.
पातेल्याला पांढरा थर, केसांचा काथ्या.
त्या पाण्यातून या पाण्यात यायचं
तर नुसतं पोहता येऊन भागत नाही.

हे मला गेल्या वर्षी ठाऊक नव्हतं.
पिशवी फोडली आणि सरळ ओतली,
दुकानातल्या पाण्यासकट.
शाल्वीनं टाळ्या वाजवल्या.
आठवड्यात सगळ्यांच्या अंगावर रव्याचे दाणे,
जुन्यांच्यासुद्धा.
एकोणीस मासे कढीपत्त्याच्या कुंडीत पुरले.
कढीपत्ता असा फोफावला
की हर्डीकर काकू अजून विचारतात, खत कुठलं घालतेस?
मी विषय बदलते.

म्हणून यंदा बादली.
वीस लिटरची, साबणाचा हात न लागलेली.
तिच्यात स्पंजचा फिल्टर,
महिनाभर मोठ्या टाकीत ठेवून मुरवलेला,
विरजण राखून ठेवावं तसा.
पिशवी वीस मिनिटं नुसती तरंगत ठेवली.
मग सलाइनच्या नळीला सैल गाठ मारून
थेंब
थेंब.
श्रीरंग दारातूनच म्हणाला, कोण अ‍ॅडमिट आहे?
दीड तासानं जाळीनं एकेक उचलला.
दुकानाचं पाणी मोरीत. चमचाभरही आत नाही.
सासूबाई म्हणाल्या, माप ओलांडायला लाव त्यांना,
एवढे लाड नव्या सुनेचे नसतात.
म्हटलं, आठवतंय मला.
त्या हसल्या. मीही, जरा उशिरा.

शाल्वी कॅलेंडरवर फुल्या मारायची,
दुधाच्या खाड्यांच्या शेजारी.
पंधरा फुल्या झाल्या की मोठी टाकी.
नवव्या दिवशी एकाच्या शेपटीवर पांढरा ठिपका.
टॉर्च लावून पाहिलं.
बुडबुडा असेल.
सकाळी बुडबुडे तीन झाले होते.
हीटर दोन अंश वर, औषध मोजून,
आणि पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून.
तिनं रबरानं फुल्या खोडल्या.
पेनच्या होत्या. कागद फाटला.
एक गेला. कुंडीत.

मोठ्या टाकीत दोन मोली आणि गुरामी,
गेल्या वर्षीच्या साथीतून उरलेले.
डावा कोपरा गुरामीचा, लाकडाखालचा,
तिथे मोलींनाही मज्जाव.
तांबोळी म्हणतो, नवे सोडायच्या आधी घर हलवा.
सगळ्यांनाच नवं झालं की मालकी कोण सांगणार?
लाकूड उजवीकडे नेलं, दगड उलटे केले,
जुन्यांना आधी पोटभर घातलं.
गुरामी लाकूड होतं त्या रिकाम्या जागेभोवती
दोन चकरा मारून थांबला.
त्याचं वाईट वाटलं, खरं सांगते.
मग दिवा बंद, आणि अंधारात पाच जण.

रात्री निऑनचा रंग उतरतो.
निळी रेघ विझते, मासा राखाडी होतो,
हे मला वाचून माहीत होतं,
तरी तीनदा उठले.

सहाला मोजले. चार.
पुन्हा मोजले, चार.
शाल्वीला उठवायचं की नाही, यावर थोडा वेळ गेला.
पाचवा फिल्टरमागे होता, काचेला चिकटून,
रेघ अर्धी पेटलेली.
त्याच्यासमोर गुरामी.
दोन लांब दोऱ्यांसारखे पर पुढे करून
त्याला चाचपत होता.
हाकलायच्या आधी असंच करतात की ओळखीसाठी,
तांबोळीला विचारायचं राहिलंय.
मी जाळी हातात घेऊन उभी होते.
खाली टँकरनं हॉर्न दिला.